आरवली ते लोकार्नो

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात. देव त्या घालून रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे. याच आरवलीच्या जयवंत दळवींनी मुंबईच्या झोपडपट्टीवर ‘चक्र’ ही कादंबरी लिहिली आणि रवींद्र धर्मराज यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटीलची अम्मा, नसीरुद्दीन शाहचा लुका आणि पोलादी बुलडोझरसमोर न टिकणाऱ्या पत्र्याच्या झोपड्या पाहिलेला माणूस विसरू शकत नाही. स्मिताला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक लोकार्नो शहरातल्या महोत्सवात ‘चक्र’ने सर्वोच्च ‘सुवर्ण बिबट्या’ पटकावला. धर्मराज यांचा हा पहिला आणि शेवटचाच कथापट. अकाली मृत्यूने पुढचे सगळे थांबले. दिग्दर्शकाची कारकीर्द चित्रपटांच्या संख्येवर मोजू नये, हे मला त्यांनी शिकवले. दळवींचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या माणसांना पडद्यावर तितक्याच सच्चेपणाने उभे करणाऱ्या धर्मराज यांचेही घ्यायला हवे. सावंतवाडी, कुडाळ, मालवणातल्या वाचनालयांनी एका संध्याकाळी तरी ‘चक्र’ दाखवावा.