न पाहिलेली पाठ

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली, म्हणून त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. हातांवरचे जांभळे डाग पाहून बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बसले, पण मनातून चरफडले. वीस वर्षे वर्गात करुणरस शिकवणारी मी, आणि माझ्यावरच हा संशय!

दहा मिनिटांनी आत बोलावणे आले. "रागावू नका. मी सर्वांनाच बाहेर बसवते. म्हातारी माणसे घरच्यांसमोर बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "हे हातांवरचे डाग वयाचे. कातडी पातळ होते, जरासा धक्का लागला तरी आत रक्त साकळते. पण दंडावर आतल्या बाजूला बोटांचे वळ असले, किंवा जखम एक आणि सांगितलेली हकीकत दुसरीच असली, की मला शंका येते. तसे इथे काही नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकते आहे तोच त्यांनी सासूबाईंचे माकडहाड दाखवले. तिथे लाल चट्टा होता. दाबला तरी फिका पडत नव्हता. पायांची नखे वाढून वळली होती.

"दिवसभर एकाच खुर्चीत बसतात ना? थोड्या थोड्या वेळाने उठवत जा. चट्टा चोळू मात्र नका. खाज कोरड्या कातडीची आहे, ती जाईल." मग हळूच म्हणाल्या, "मारणे हा एक प्रकार झाला, न पाहणे हा दुसरा."

सासूबाईंचे दूध वेळेवर, औषध वेळेवर. पण त्यांची पाठ मी शेवटची केव्हा पाहिली, ते काही केल्या आठवेना. रिक्षात त्याच म्हणाल्या, "मी सांगितलं हो तिला, सूनबाई माझं फार करते." मला मान वर करवेना.

वृद्ध आईबापांना टाकणाऱ्यांसाठी २००७ सालचा कायदा आहे. मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी आहे. गरज असेल त्याने तो जरूर फिरवावा. पण भरल्या घरात न पाहिलेल्या पाठीची फिर्याद कोणी कोणाकडे करायची?

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाईंना तेल मीच लावणार आहे, तो चट्टा सोडून. तुमच्याही घरी कोणी वडीलधारे असेलच. तेल तुम्हीच लावा. आणि लावताना नीट पाहा.