घासून रायला टायर, सजा मडगार्डले?

मागच्या शनिवारी मित्राच्या पद्मिनीतून अमरावतीहून अकोल्याला गेलो. हो, तीच, प्रीमियर पद्मिनी! त्याच्या बाबांची गाडी. पठ्ठ्याने ती 'लो' करून घेतलीये. पुढच्या कॉईल स्प्रिंगा कापल्या, रुंद रिम टाकले, वर १८५ चे टायर. दिसते झकास, खोटं कशाला बोलू?

तर झालं असं की, हायवेवर काहीच जाणवलं नाही. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला होता. सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी शहाणीच वाटते. पण मूर्तिजापुरात चहासाठी आत वळलो आणि पहिल्याच स्पीड ब्रेकरवर पुढून 'खर्रर्र'! अकोल्यात पोचून पाहिलं, तर डाव्या टायरच्या कडेला बोटभर चीर. याच टायरवर आम्ही ऐंशीने आलो होतो. पोटात गोळाच आला.

मित्राचा उपाय तयार होता : ग्राइंडरने मडगार्डची कड कापायची. गॅरेजवाले काका हसले. "घासून रायला टायर, अन् सजा मडगार्डले? काहून भाऊ?"

माझंही मत हेच आहे. ऑफिसात आपण काय करतो? एरर आली की आधी ती नेमकी कुठून येते ते बघतो, आणि बदल असा करतो की चुकलाच तर मागे घेता येईल. इथेही तेच. मडगार्डच्या आत खडू फासा, गाडी फिरवा, खडू कुठे पुसला ते पाहा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर घासत असेल तर दोष बहुधा रिम-टायरचा. खड्ड्यात घासत असेल तर स्प्रिंगचा.

पद्मिनीचे मूळ टायर ५.२०-१४ मापाचे, म्हणजे रुंदी साधारण १३२ मिलिमीटर. १८५ म्हणजे ५३ मिलिमीटर जादा. वर रिम बाहेर काढलेले. ती जागा त्या मडगार्डात आणायची कुठून? शिवाय स्प्रिंग कापली की चाक आधीच वर सरकतं, दणका झेलायला अंतर उरत नाही. तिथे कड कापणं म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडणं!

म्हणून क्रम असा : आधी मूळ मापाचे रिम-टायर, मग पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा, सस्पेन्शनचे बुश, शेवटी व्हील अलाइनमेंट. एवढं करूनही घासलंच, तर कड आत दुमडा. कापणं नकोच. टायर बाजारात मिळतो. पण कुर्ल्यात पद्मिनी बनणं थांबून दोन दशकं उलटली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. कापलेला पत्रा आता कोणत्या दुकानात मागणार?

"पण मग लूक जाईल ना," मित्र कुरकुरला. जाईल. गाडी चारचौघींसारखी उंच दिसेल. पण तिच्यात मागच्या सीटवर त्याची आई बसते, आणि तिला अमरावतीहून अकोल्यापर्यंत सुखरूप पोचायचं असतं.

माळ्यावरचे जुने रिम रविवारी उतरवले. वळताना घासणं थांबलंय. ब्रेकरवर अजून हलकं 'खर्र' होतं. स्प्रिंगा शोधतोय, तोवर गाडी गावातच, हळू. मित्र थोडा रुसलाय.

असो.