बोलण्याचा अपराध

खर्डा म्हटले की १७९५ ची लढाई स्मरावयाची, ही आमची जुनी खोड. परंतु त्याच गावी एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी तो बोलतो, एवढाच त्याच्यावरील ठपका! साक्षीदार उलटले, आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयास पुराव्यापलीकडे जाता येत नाही, हे आम्ही वकील जाणतो. घरांना ती सबब नाही. बहिणीची अब्रू जातीच्या काट्याने तोलावयास जेथे मुलगे शिकतात, तेथील बाप आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाशी याविषयी कधी मोकळेपणाने बोलले आहेत काय? हुकूम पुष्कळ सोडले असतील! त्याच्या मनातील राग कोठून आला, हे त्यास विचारावे, आणि त्याचे सांगून होईतो मध्ये तोंड घालू नये.