कापण्याआधी पाठ पाहा

परवा खडे बाजारात फोटो कापायचं कटर घ्यायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, एका वेळी किती कागद कापायचेत?" म्हटलं, "एकच. पण सरळ."

या उत्तरामागे माझी एक चूक आहे. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी अल्बम करत होते. जुन्या फोटोंच्या पांढऱ्या कडा सारख्या दिसाव्यात म्हणून कॉलेजातल्या दांडीच्या कटरवर कापत सुटले. त्यांच्या लग्नानंतरचा धारवाडचा फोटो कापून सहज उलटला, तर मागे अगदी काठाला मामंजींनी पेन्सिलीनं कानडीत लिहिलेली ओळ चिरली गेली होती. कचऱ्यातून पट्टी शोधून जोडली, तरी दोन अक्षरं गेलीच. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सावकाश माडव्वा." शब्द दोन्ही भाषांत एकच, समजलं नाही म्हणायची सोय नव्हती!

मग जरा माहिती काढली. दांडीच्या कटरचं पातं कात्रीसारखं वरून खाली येतं. कागदांचा गठ्ठा कापायला ते उत्तम, पण गुळगुळीत फोटो नीट दाबून धरला नाही तर सरकतो आणि कड तिरकी होते. चाकाच्या कटरमध्ये गोल पातं रुळावरून फिरतं आणि पट्टी फोटो दाबून धरते. कागद थोडेच कापले जातात, पण कड स्वच्छ येते. पातं झाकलेलं असल्यानं मुलांच्या घरात हेच बरं. वर्षातून चार-सहा फोटोच कापायचे असतील तर पोलादी पट्टी, धारदार कटर आणि खाली कटिंग मॅट एवढं पुरे.

घेताना ए-फोर कागदाची २९७ मिलिमीटरची बाजू बसेल असं घ्यावं. दुकानातच एक कागद कापून मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या कोपऱ्याला लावून पाहावा. घरी छापलेला फोटो पूर्ण वाळल्याशिवाय कापू नये.

मी चाकाचं घेतलं. पण खरा नियम वेगळाच. जुना फोटो कापायचाच नाही. दोन्ही बाजू स्कॅन करायच्या आणि कात्री, कटर काय ते नव्या प्रतीवर चालवायचं.

आता अल्बमात त्या फोटोशेजारी त्याची पाठही लावली आहे. गेलेली दोन अक्षरं सासूबाईंनी आठवून सांगितली, ती खाली माझ्या हातानं कानडीत लिहिली. अक्षर वाकडं आलंय. ते मात्र कापलं नाही.