टाके गेले, गोंद आला. नोंद मात्र नाही

गुडघारोपणानंतर बाराव्या-पंधराव्या दिवशी जखमेभोवतीची कातडी लाल होते, बारीक पाणीदार फोड येतात, खाज सुटते. 'आत पू झाला' या शंकेने घरची मंडळी रुग्णालयाकडे धाव घेतात. ही धास्ती अनाठायी नाही. जंतुसंसर्ग कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचला तर तो सांधाच काढण्याची वेळ येऊ शकते. मात्र अशा काही रुग्णांत दोष निघतो तो जखम बंद करण्यासाठी वापरलेल्या गोंदाचा.

तुटलेली कपबशी क्षणात जोडणारा गोंद ज्या सायनोअ‍ॅक्रिलेट कुळातला, त्याच कुळातला हा. अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना ही रसायने हाती आली आणि दिसेल त्याला चिकटतात म्हणून तेव्हा बाजूला पडली. कातडीसाठीच्या सुधारित प्रकाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. टाके काढायला नकोत, पाणी आत शिरत नाही, अंघोळ लवकर करता येते. शल्यविशारदांना तो भावला यात नवल नाही. गुडघ्याच्या लांब छेदावर अनेकदा जाळीदार पट्टी पसरून तिच्यावर हा गोंद लावतात. ती दोन-तीन आठवडेही कातडीवर राहते.

त्रास उशिरा का होतो? शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाला 'परके' ठरवायला काही दिवस घेते. एकदा वावडे जडले की पुढच्या वेळी तीच प्रतिक्रिया फार लवकर उमटते. खरी मेख येथे आहे. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ नागरिक आधी एक गुडघा आणि काही महिन्यांनी दुसरा बदलून घेतात. पहिल्या वेळची 'जराशी खाज' कागदावर आली नाही, तर दुसऱ्या गुडघ्यावर तोच गोंद लागतो.

गुडघारोपणाच्या प्रसिद्ध पाहण्यांत या वावड्याचे प्रमाण शेकडा अर्ध्यापासून काही टक्क्यांपर्यंत आढळते. आकडा लहान खरा, पण निदान चुकले तर गोंद जागेवरच राहतो आणि प्रतिजैविकांचे डोस वाढत जातात. पट्टीच्या आकाराबरहुकूम उठलेले पुरळ, वेदनेपेक्षा अधिक खाज आणि तापाचा अभाव या खुणा वावड्याकडे बोट दाखवतात. गोंद काढून स्टेरॉइडचे मलम लावल्यावर बहुतेकांना उतार पडतो. अर्थात हा निवाडा घरी करण्याचा नव्हे. पू, ताप किंवा वाढती वेदना असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कृत्रिम नखांच्या किंवा दातांच्या अ‍ॅक्रिलिक साहित्याने पूर्वी त्रास झालेल्यांनी तो शस्त्रक्रियेआधीच सांगितलेला बरा.

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. त्या हिशेबात गुडघ्याचे सुटे भाग होते, गोंद नव्हता. डिस्चार्ज कार्डावर सांध्याचे स्टिकर लागते. गोंदाचे नाव शोधायचे तर बिलाची लांबलचक यादी चाळावी लागते. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम चालतो. एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. जखमेवरचे पुरळ कळवण्याजोगे आहे, हे मात्र वॉर्डात आधी कोणाला तरी वाटायला हवे. तोवर दुसऱ्या गुडघ्यासाठी दाखल होणाऱ्याने पहिल्या वेळी कोणता गोंद वापरला होता, हे शल्यविशारदांना विचारून कार्डावर लिहून घ्यावे.