मासळी स्वस्त, पण निर्धोक हवी

पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली ती मुख्यतः शेतीच्या पाण्यासाठी. परंतु त्यांच्या जलाशयांनी या मुलखाला रोहू, कटला, मरळ अशा गोड्या पाण्यातील मासळीचीही देणगी दिली. सिद्धेश्वर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात जवळा बाजार हे गाव वसलेले आहे. 'जवळा' म्हटले की कोकणस्थ वाचकांना सुकवलेली बारीक मासळी आठवेल. येथे मात्र ताजा मासा म्हणजे नदीचा, तळ्याचा किंवा धरणाचाच. भोई बांधवांनी धरलेला हा मासा मराठा, मुसलमान, बौद्ध, बंजारा अशा नाना समाजांच्या चुलीवर शिजतो. डाळ महागली म्हणजे गरिबाच्या घरी सकस अन्न म्हणून त्याचाच आधार असतो. लोकांनी मासे खाऊ नयेत, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

मासा ताजा की शिळा, हे गिऱ्हाईक ओळखू शकते. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लालभडक, मांस बोटाने दाबताच पुन्हा वर येणारे, ही ताजेपणाची लक्षणे होत. मासा पुरता शिजवला म्हणजे कृमी व रोगजंतू मरतात. परंतु पाण्यात मिसळलेली विषे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाऱ्यासारखे विष शिजवूनही जात नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीवाटे कोळ्यांच्या पोटात गेला. १९५६ साली रोग उघडकीस आला. त्याचे कारण सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली. मधल्या बारा वर्षांची किंमत गोरगरिबांनी मोजली. सिद्धेश्वरचे मिनामाता झाले आहे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही; परंतु आधी तपासणी व मग निश्चिंतता, हा क्रम उलटा होता कामा नये.

शेतावरील कीटकनाशके पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत उतरतात. डोहात विष कालवून मासे मारणे तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९७ च्या कायद्यानेही गुन्हा ठरविले होते. असे मेलेले मासे बाजारात आले, तर बिचाऱ्या गिऱ्हाइकाने काय ओळखावे? २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याचा बभ्रा होताच परराज्यांतील मासळीची आवक काही काळ बंद करावी लागली. अशा वेळी प्रामाणिक विक्रेत्याचाही धंदा बुडतो, हे विसरता येत नाही.

तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. जलाशयातील पाण्याची व मासळीची ठराविक काळाने तपासणी होऊन तिचे निष्कर्ष बाजारातच लावले जावेत. विक्रेत्यांना सावलीचा ओटा, स्वच्छ पाणी व खाण्याजोगा बर्फ मिळावा. आणि मासळीविषयीचा सल्ला मराठीबरोबरच उर्दूत व तांड्यावरच्या बोलीतही पोहोचावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो तोंडी सांगितला जावा. सुशिक्षित नागरिक शंका येताच दुसरे अन्न विकत घेऊ शकतो. ज्याला ती सोय नाही, त्याच्या ताटाची काळजी शासनाने आधी वाहिली पाहिजे.