मोबाईल घरोघरी, पण पिन कुणाच्या हाती?

भाजीच्या गाडीपासून मटणाच्या दुकानापर्यंत आज सगळीकडे क्यूआर कोड दिसतो. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तर एका महिन्यातले व्यवहार १,००० कोटींच्या वर गेले. एवढ्या लोकांनी हे का स्वीकारलं?

एक तर ते फुकट आहे. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क नाही. शिवाय सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे ओळखीच्या माणसाचा अनुभव. शेजारचा किराणावाला वापरतो, त्याचे पैसे बुडाले नाहीत, मग आपणही वापरून बघतो. जाहिरातीने एवढं काम होत नाही.

हाच भरवसा तुटायला वेळ लागत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. लगेच बंगळुरूत अनेकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. ॲप तेच होतं, मनात भीती शिरली.

आपल्या मोहल्ल्यांत तर बँकेबद्दलचा दुरावा जुनाच आहे. काही बँका मुस्लिमबहुल भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ समजून कर्ज द्यायला कचरतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. व्याज नको म्हणूनही काही कुटुंबं बँकेपासून लांब राहिली. बँकांत व्याजमुक्त व्यवहारांची वेगळी सोय करण्याचा प्रस्ताव होता, पण तो पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने ठरवलं. ते २०१७ मध्ये समोर आलं. यूपीआयने पैसे पाठवण्यात व्याजाचा संबंध नाही, म्हणून ते इथे सहज रुजलं.

खरा प्रश्न घराच्या आत आहे. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट महिलेच्या खात्यात येतात. खातं अम्मीच्या नावावर, पण मोबाईल मुलाकडे आणि पिनही त्यालाच ठाऊक, असं अनेक घरांत असतं. पैसे आले की नाही हे विचारायलाही त्याची वाट बघायची. कागदावर ती ‘डिजिटल ग्राहक’, हातात मात्र काहीच नाही. चूक होईल, पैसे जातील, घरचे बोलतील, ही तिची भीती कुठलंही ॲप घालवू शकत नाही. ती घरच्यांनीच घालवायची आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. दहा रुपये तिच्याच हाताने पाठवून घ्या, पिन तिलाच ठरवू द्या. साधा फोन असेल तर २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे पक्कं सांगा. फसवणूक झालीच तर रागवण्याआधी १९३० ला फोन करा, कारण पैसे अडवायचे तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.